नववी ब, जून १९७५

कपाटातून ते पुस्तक काढा. मिलिंद बोकील यांची 'शाळा', मौज प्रकाशन, २००४. आज ते वाचायचं नाहीये, आज ते तिकीट आहे. पहिलं पान उलटण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल इथेच राहू द्या, वाचायचा चष्मा राहू द्या, रक्तदाबाची गोळी राहू द्या, आणि तुमचं हे 'तुम्ही'सुद्धा इथेच ठेवा. जिथे निघालोय तिथे चौदा वर्षांच्या पोराला कुणी अहो-जाहो करत नाही. सोबत नेता येईल अशी एकच वस्तू आहे, एक तारीख: २१ मार्च १९७७. त्या दिवशी आणीबाणी उठली. चिठ्ठीसारखी घडी घालून ती चोरखिशात ठेवा. तिकडे तिचे किती पैसे येतात, बघू.

झालं? मग डोळे मिटा. टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शिपाई लोखंडी कांब हाणतोय.

अरे ए, ऊठ ना! प्रार्थना सुरू झाली.

तुझी खाकी हाफ पँट मागून ओली आहे, कारण बाकावर रात्रभर कौलातून ठिबकलंय. मांड्यांना लाकूड चिकटतंय. शर्टाच्या खिशाशी शाईचा निळा डाग, शेजारच्याच्या दप्तरातून ओल्या खाकी कागदाचा आणि खळीचा वास. कव्हरं घालायचे दिवस आहेत हे. आतली पुस्तकं मात्र नवी नाहीत, दहावीत गेलेल्या एका मुलाकडून निम्म्या किमतीत घेतलेली आहेत. भूमितीच्या पुस्तकात त्याने एका प्रमेयाच्या बाजूला दोन अक्षरं लिहून मध्ये अधिकचं चिन्ह घातलंय. पहिलं अक्षर त्याचं. दुसरं कुणाचं, यावर तुमच्या बाकाचा पहिला आठवडा गेला.

खिडकीबाहेर भातखाचरं, त्यांच्यापलीकडे रेल्वे. लोकलच्या टप्प्यातलं गाव आहे. सकाळी सगळ्यांचे वडील मुंबईला जातात आणि दिवे लागल्यावर परत येतात. शाळेत अकरावी उरलेली नाही. या मार्चमध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकदमच परीक्षेला बसली, आणि थोराड मुलांचे दोन वर्ग एका दमात शाळेबाहेर पडले. त्यामुळे तू अचानक मोठ्यांत जमा झालायस. पँट तेवढी अजून हाफच आहे.

दोन बाकं पुढे बसलाय तो जोशी. मुकुंद जोशी, कादंबरी सांगणारा तोच. त्याच्या टोळीतले सुऱ्या, चित्रे आणि फावड्याही इथेच कुठेतरी असतील. जोशीची नजर फळ्यावर आहे असं सरांना वाटतं. ती फळ्याकडे जाता जाता मुलींच्या रांगेत थांबलीय, शिरोडकरपाशी. वर्गात मुलींना पहिलं नाव नसतं, हे लगेच शिकून घे. हजेरीच्या वहीत ते असतं, पण मुलगा ते तोंडाने उच्चारत नाही. आडनावानेच बोलायचं, आडनावानेच झुरायचं. एखाद्याने चुकून पहिलं नाव घेतलं, की सगळा वर्ग ओळखतो.

आज बुधवार, २५ जून. बुधवार म्हणजे बिनाका गीतमाला. रात्री आठ वाजता शेजारच्या काकांच्या रेडिओभोवती अख्खा जिना गोळा होतो. सिलोन सापडायला वेळ लागतो. आवाज लाटेसारखा येतो आणि ओसरतो, आणि नेमकं पायदान सांगायच्या वेळी अमीन सयानी खरखरीत बुडतो. काका काटा केसभर सरकवतात, सगळे श्वास धरतात.

याच संध्याकाळी दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायणांची सभा झालीय. १२ जूनला अलाहाबादच्या उच्च न्यायालयात न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची लोकसभेची निवडणूक रद्द ठरवली, तेव्हापासून तिकडे तापलेलंच आहे. आता तू जाऊन झोपशील, आणि मध्यरात्रीच्या जरा आधी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद एका कागदावर सही करतील. हे जिन्यावर फक्त तुला माहीत आहे. पण खरं सांग, या क्षणी तुझ्या डोक्यात काय चाललंय? पहिलं गाणं कुठलं लागेल, आणि हाच रेडिओ तिच्याही घरी चालू असेल का.

गुरुवारी सकाळी बाबा खिडकीच्या गजाला आरसा टेकवून दाढी करताहेत. आकाशवाणीवर इंदिरा गांधींचा आवाज येतो. आणीबाणी जाहीर झालीय, घाबरून जायचं कारण नाही. बाबांचा हात गालावरच थांबतो. अर्ध्या चेहऱ्याला फेस तसाच. आई स्वयंपाकघरातून विचारते, "अहो, म्हणजे झालंय काय?"

"काही नाही. तू डबा भर."

शाळेत बाकावरचा दोस्त तुला विचारतो, "पुन्हा खिडक्यांना काळे कागद लावायचे का रे?" त्याचं काही चुकत नाहीये. १९७१च्या युद्धात तुम्ही दहा वर्षांचे होता. आणीबाणी म्हटलं की त्याला ब्लॅकआउट आठवतो, काचांना चिकटवलेले कागद आणि गच्चीवर जायची बंदी. यंदा तसलं काहीच घडत नाही. दिवे चालू आहेत. पहिला तास गणिताचा, तोही होतो.

शनिवारी बाबा संध्याकाळी घरी येतात ते जरा वेगळेच. लोकलमध्ये कुणाच्या तरी हातातला टाइम्स डब्यातून फिरला. त्यात निधनाच्या छोट्या जाहिरातींमध्ये एक जाहिरात होती. कुणी परकं नाव वाटावं अशा बेताने अक्षरं तोडलेली. सलग वाचली की कळायचं, मेली ती लोकशाही. बाबा आईला हे हळू आवाजात सांगतात, हसतात, आणि हसता हसता दाराकडे बघतात. दार लावलेलंच आहे. तू भूमितीच्या वहीत मान घालून बसलायस. बाबांना दाराकडे असं बघताना तू पहिल्यांदा पाहतोयस.

मग ते आवाज चढवून विचारतात, "काय रे, शाळा कशी चाललीय?"

तू म्हणतोस, "ठीक."

या शब्दाकडे नीट बघ. सकाळपासून दुपारपर्यंत केवढं काय काय झालं: मधल्या सुट्टीतली मारामारी, गॅदरिंगला नाटकात घेतील का याची धाकधूक, पायऱ्या उतरताना तिने मागे वळून बघितलं की नुसती वेणी मागे टाकली यावर तीन जणांनी केलेला खल. एवढ्या सगळ्यातून गाळून बाहेर जाऊ दिलेली दोन अक्षरं म्हणजे 'ठीक'. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सेन्सॉरची पेन्सिल आत्ता कुठे पोचतेय. तुझ्या वयाच्या पोरांकडे ती आधीपासूनच आहे.

आता वर्गाच्या फळ्याचा डावा कोपरा बघ. सरांना यायला उशीर झाला की मॉनिटर उठतो, खडूने चौकट आखतो आणि वर लिहितो: बोलणारे. मग नावं पडायला लागतात. पुन्हा बोललं की नावापुढे फुली. गंमत अशी की सर आल्यावर कोण काय बोलला हे कधीच विचारत नाहीत. तू मागच्याकडून नुसतं खोडरबर मागितलं असशील. चौकटीत नाव आहे ना, मग हात पुढे कर. मॉनिटरशी भांडण असलेल्यांची नावं जास्त येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. नाव पुसून घ्यायचं तर गोळ्या द्याव्या लागतात.

मिसा हा शब्द तू जुलैमध्ये ऐकतोस, तेव्हा मोठी माणसं तो तुला समजावून सांगायला बघतात. खटला नाही, आरोप सांगायची गरज नाही, उचलायचं आणि आत ठेवायचं. त्यांना तो कायदा अघटित वाटतो. तू मान डोलावतोस. तुला तो डाव्या कोपऱ्यातून ओळखीचा आहे. आचार्य विनोबांच्या नावावर या दिवसांसाठी 'अनुशासन पर्व' हे शब्द चालताहेत. अनुशासन म्हणजे शिस्त, हे तुला कुणी शब्दकोशात दाखवायला नको. शाळेत दुसरं असतं काय? वेळेवर या, ओळीत चाला, प्रश्न विचारू नका, भिंतीवर सुविचार रंगवा. या वर्षात फरक एवढाच झालाय की मोठ्यांनाही शाळेत घातलंय.

४ जुलैला संघावर बंदी येते. तुझ्यासाठी याचा अर्थ: शाळेमागचं मैदान संध्याकाळी मोकळं. रोज तिथे शाखा लागायची, म्हणून तुम्हाला कोपऱ्यात खेळावं लागायचं. आता मधोमध खेळपट्टी आखता येते. पहिल्या दिवशी तुम्ही दिवे लागेपर्यंत खेळता.

आणि एक दिवस भूगोलाचा तास ऑफ पडतो. दुसऱ्या दिवशीही. वर्ग खूश आहे. तूही ओरडतोस, बाक वाजवतोस, मैदानावर धावतोस. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांचा मुलगा दिसतो, सातवीतला, नळाजवळ एकटाच डबा खाणारा. त्याच्याभोवती तीन हात जागा मोकळी आहे. ती कुणी ठरवून सोडलेली नाही, आपोआप सुटलीय. "येरवड्याला," कुणीतरी कुजबुजतं. "पत्र आलं म्हणे, वर शिक्का होता." तुझ्या हातात बॅट आहे. त्याला खेळायला बोलवावं असं तुझ्या मनात येतं. दोन पावलं तू टाकतोससुद्धा. मग कुणीतरी तुझ्या नावाने हाक मारतं, तुझी बॅटिंग आलेली असते.

हे लक्षात ठेव. परत गेल्यावर तुला १९७५ म्हणून जे आठवेल, ते हेच असेल.

ऑगस्टमध्ये 'शोले' लागतो. इकडच्या टॉकीजला यायला अजून अवकाश आहे, पण मुंबईला मिनर्व्हात बघून आलेला एक जण आठवडाभर राजा असतो. तो एकच प्रसंग रोज करून दाखवतो आणि रोज त्यात थोडी भर घालतो. मराठीच्या वहीत वीस कलमी कार्यक्रम उतरवून घ्यायचाय. त्यात शाळकरी मुलांना नियंत्रित दरात वह्या-पुस्तकं देण्याचंही कलम आहे, आणि ते तू नियंत्रित दराच्या वहीत लिहितोयस. कागद इतका खरबरीत की शाई फुटते आणि कलम नऊचं कलम सहा दिसतं. बाबा म्हणतात, लोकल आता वेळेवर येतात. आई म्हणते, रॉकेलची रांग आहे तेवढीच आहे. दोघंही खरं बोलताहेत.

तुझं स्वतःचं वर्ष मात्र निराळ्याच कॅलेंडरवर चाललंय. तिच्या घरी जायच्या दोन वाटा आहेत, आणि कुठल्या वारी ती कुठली धरते याचा तक्ता तुझ्याकडे तयार आहे. ती 'लाइन देते' की नाही हा जगातला मूळ प्रश्न आहे. 'लाइन' या शब्दात पोरांनी केवढा शास्त्रोक्त अर्थ भरलाय ते बोकिलांनी बरोबर पकडलंय. बघणं, बघितल्याचं कळणं, कळल्याचं न दाखवणं, असे त्याचे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याला साक्षीदार लागतात. मग टोळी जमते ती अर्धवट बांधून सोडलेल्या इमारतीत. कादंबरीतली पोरंही अशाच ठिकाणी जाऊन बसतात. भिंती आहेत, दारं नाहीत, जिना कठड्याशिवाय वर जातो. सिमेंटच्या धुळीत बसून सांकेतिक नावं ठरतात, निरोप्या ठरतो, चिठ्ठी पकडली गेली तर कुणी काय सांगायचं ते ठरतं. याच महिन्यांत जॉर्ज फर्नांडिस आणि मृणाल गोरे भूमिगत आहेत. देशभर मोठी माणसं हीच विद्या घाईघाईने शिकताहेत.

डिसेंबर. कराडला साहित्य संमेलन भरतं. अध्यक्ष दुर्गा भागवत. जयप्रकाशांना नोव्हेंबरमध्ये पॅरोलवर सोडलंय आणि ते मुंबईत जसलोक रुग्णालयात मूत्रपिंडाच्या उपचारांसाठी पडून आहेत. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण मांडवात असताना दुर्गाबाई जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं करतात. पुढे त्यांनाही तुरुंगात टाकतील.

सोमवारी मराठीच्या बाई वर्गात येतात. हजेरी घेत नाहीत. फळ्यावर तारीख घालतात आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहितात: दुर्गा भागवत. "नाव लिहून घ्या," एवढंच म्हणतात. कुणीतरी विचारतं, "बाई, परीक्षेला आहे?" बाई त्याच्याकडे बघतात, बराच वेळ. मग डस्टर उचलून स्वतःच ते नाव पुसतात आणि धडा उघडायला सांगतात. डावा कोपरा रोज बघणाऱ्या तुला कळतं, की फळ्यावर नाव येण्याच्या दोन तऱ्हा असतात. तू ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतोस. त्या पानावर याआधी एकच नाव होतं.

आता तुझ्याच्याने राहवत नाही. संध्याकाळी त्या बिनदाराच्या इमारतीत तू दोस्ताला सांगून टाकतोस. चोरखिशातली चिठ्ठी बाहेर काढतोस. "ऐक. ही आणीबाणी उठणारे. २१ मार्च १९७७ला. सगळे सुटणार. सर पण सुटतील. निवडणुकीत इंदिराबाईच पडणार."

तो सिमेंटवर काडीने रेघोट्या मारत असतो. बोटांवर महिने मोजतो. मग त्याचा चेहरा पडतो.

"मार्च सत्त्याहत्तर? अरे, तेव्हा तर आपली दहावीची परीक्षा."

संपलं. नाणं वाजवून बघितलं, खोटं निघालं. इथे ते चालत नाही. पंधरा महिने ही चौदा वर्षांच्या माणसाला मोजण्याजोगी मुदतच नाही. पुढचा तिमाहीचा पेपर, पुढचा वाढदिवस, पुढचा गुरुवार, एवढंच त्याचं भविष्य. आणि नळाजवळ डबा खाणाऱ्या त्या पोराला हे सांगायचं तर आधी त्याच्यापर्यंत चालत जावं लागेल. ते तर तू तारखेशिवायही करू शकला असतास.

बोकिलांची करामत मला इथे दिसते. त्यांनी हे पुस्तक आणीबाणीनंतर पाव शतकाहून अधिक काळाने लिहिलं. ती तारीख त्यांच्याही खिशात होती. ती त्यांनी मुकुंद जोशीला एकदाही गुपचूप दाखवली नाही. त्याला शहाणा केलं नाही, हुतात्मा केलं नाही, घोषणा द्यायला लावल्या नाहीत. आणीबाणी कादंबरीभर असते ती मोठ्यांच्या बोलण्यातून झिरपून. पोरं आपापल्या प्रेमाच्या आणि भीतीच्या मागे असतात. खळबळीचा काळ आतून असाच दिसतो. तो खळबळीचा होता, हे पुढे कुणीतरी तारखा लावल्यावर कळतं. आत असताना तो नुसता नववीचा असतो.

वर्ष सरत येतं. एप्रिलमध्ये परीक्षा होते, आणि मग निकालाची वाट बघणं. २८ एप्रिल १९७६ला दिल्लीत एक निकाल लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघं म्हणतात, आणीबाणीत डांबलेल्याला सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळं मत लिहितात. त्या चौघांत पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड आहेत. त्यांचा मुलगा त्याच न्यायालयात बसून २०१७ साली लिहील, की त्या चौघांचे निर्णय गंभीरपणे चुकलेले होते. काही उत्तरपत्रिका तपासायला ४१ वर्षं लागतात.

तुझा निकाल तीन दिवसांनी, १ मेला. झेंडावंदन होतं, मग वर्गात प्रगतिपुस्तकं. तू पास आहेस. भूगोलात काठावर, कारण भूगोल शिकवायला धड कुणी नव्हतंच. पुस्तक वरती धरून तू मुलींच्या रांगेकडे बघतोस. कादंबरीतही वर्ष असंच संपतं: जोशी दहावीत जातो आणि शिरोडकर गाव सोडून गेलेली असते. देशाचे वाईट दिवस कधीतरी उठतात, त्याची तारीख सापडते, ती पुस्तकात छापता येते. तिच्या बाकावरची रिकामी जागा उठत नाही. जूनमध्ये तिथे दुसरी कुणी बसेल.

दहावीची पुस्तकं मिळवायला हवीत. तुझी नववीची कुणीतरी निम्म्या किमतीत मागितलीत. देण्याआधी तू भूमितीचं पुस्तक उघडतोस, त्या प्रमेयापाशी. आधीची दोन अक्षरं अजून आहेत. त्यांच्या खाली तू कर्कटकाच्या टोकाने आणखी दोन कोरतोस. मध्ये अधिकचं चिन्ह. पुढच्या नववीला आठवडाभर पुरेल.

घंटा झाली. डोळे उघडा.

चष्मा तिथेच आहे, गोळीही. मोबाइलवर काहीबाही येऊन पडलंय. बोलता बोलता तुम्ही पुन्हा 'तुम्ही' झालात. या घरात तुम्हाला 'तू' म्हणणारं आता फार कुणी उरलेलं नाही. चोरखिशातली चिठ्ठी न वटताच परत आलीय. ती पुस्तकात खुणेला ठेवा, तेवढीच कामाची.

दाराचा आवाज. नातू आलाय, दप्तर खाली न ठेवता फ्रिजपाशी उभा आहे. यंदा नववी. पाठमोराच पाणी पितोय, आणि मानेवरून दिसतंय की आज काहीतरी घडलंय. बाहेरच्या जगात सध्या काय काय चाललंय याच्या बातम्या तुम्ही सकाळपासून वाचल्यात. यातलं पुढे कशाला कुठली तारीख लागणार, ते आतून बघताना तुम्हाला तरी कुठे कळतंय?

तरी तुम्ही विचारता, "काय रे, शाळा कशी चाललीय?"

"ठीक."

तुम्ही मान हलवता. त्याच्यासाठी पलीकडची खुर्ची तेवढी पायाने जरा बाहेर सरकवून ठेवता, आणि पुस्तक उघडून बसता.